रिपोर्टात शून्य आलं, पुढं काय? पुरुषांतलं वंध्यत्व आणि जनुकं

पूर्णाकाठचा

हा विषय पारावर निघत नाही, मित्रांत निघाला तर चेष्टेवर जातो. म्हणून इथं काढतोय. टोपणनावाचा तेवढा फायदा.

मी परभणी जिल्ह्यातला. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. सुरुवातीच्या सगळ्या तपासण्या बायकोच्या झाल्या. सोनोग्राफी, थायरॉइड, नळ्या मोकळ्या आहेत का ते, मग दुर्बीण. नवस आणि पुड्याही तिलाच. माझी वीर्यतपासणी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी, आणि ती झाली सगळ्यात शेवटी. शुक्राणू शून्य. दुसऱ्या लॅबमध्ये केली, तिथंही शून्य. कागदावर 'अझूस्पर्मिया' असं लिहून आलं.

एका सेंटरवर गेलो. पाच मिनिटांत निकाल: अंडकोशातून सुईनं शुक्राणू काढू, इक्सी करू (लॅबमध्ये एकेक शुक्राणू अंड्यात सोडायचा), पॅकेज एवढं, अर्धे आधी भरा. शून्य का आहे असं विचारलं तर म्हणाले, असतं काहींना. दोन एकर सोयाबीन जळालं तर आपण का जळालं ते विचारतो, पंचनामा करायला लावतो. इथं विचारायचं नाही?

चुलतभाऊ हैदराबादला असतो. देवगिरीनं गेलो, तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी हातानं तपासलं, मग हार्मोन्स लिहिले (एफएसएच आणि एलएच, म्हणजे मेंदूकडून अंडकोशाला जाणारे निरोप, आणि टेस्टोस्टेरॉन) आणि रक्ताच्या दोन जनुकीय तपासण्या: कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि रचना बघायची) आणि वाय गुणसूत्राची मायक्रोडिलीशन टेस्ट (त्याचा बारीक तुकडा गळालाय का ते). स्पष्ट म्हणाले, हे रिपोर्ट हातात येईपर्यंत सुई लावायची नाही.

कॅरिओटाइप ४६,एक्सवाय आला, म्हणजे गुणसूत्रांची संख्या ठीक. पण वायच्या लांब बाहूवरचा एझेडएफसी नावाचा तुकडा गायब. शुक्राणू तयार करायला लागणारी काही जनुकं त्या तुकड्यात असतात. एझेडएफचे ए, बी, सी असे तीन भाग आहेत आणि कुठला गेला त्यावर पुढचं सगळं ठरतं. ए पूर्ण गेला असेल तर अंडकोशात शुक्राणू बनवणाऱ्या पेशीच नसतात. बी पूर्ण गेला असेल तर शुक्राणू अर्धवट वाढून थांबतात. या दोन्हींत चिरफाड करून हाती काही लागत नाही, करूच नये. फक्त सी गेला असेल तर निम्म्या किंवा त्याहून जास्त पुरुषांत मायक्रो-टेसे (सूक्ष्मदर्शकाखाली अंडकोशातून शुक्राणू शोधायची शस्त्रक्रिया) करून शुक्राणू सापडतात. काहींच्या वीर्यातही थोडेफार असतात.

म्हणजे मला जर ए किंवा बी निघाला असता तर ते पॅकेज सरळ पाण्यात गेलं असतं, आणि हे त्यांना आधी कळू शकत होतं. माझा राग एवढाच आहे.

आता दोन प्रश्न. इक्सीनं मुलगा झाला तर त्यालाही हेच येणार का? आणि माझ्या दोन धाकट्या भावांना सांगू का? एकाचं यंदा जमतंय.

भुईमूग_भजी

धागा काढल्याबद्दल सलाम. वाचतोय.

लातूरचा_लॅबवाला

पूर्णाकाठचा, लॅबच्या बाजूनं थोडं सांगतो, कारण निम्मा घोळ आमच्याकडंच होतो.

शून्य लिहायच्या आधी नमुना सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून खाली बसलेला गाळ बघावाच लागतो. नुसत्या थेंबात काही दिसलं नाही म्हणून 'निल' लिहून मोकळं व्हायचं नसतं. गाळात चार-दोन शुक्राणू दिसले तरी चित्र बदलतं, ते गोठवता येतात. आणि एका रिपोर्टवर विश्वास नको, किमान दोन हवेत.

नमुना देताना २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवा. साबण, तेल, थुंकी काही लावू नका. पूर्ण नमुना डबीत आला पाहिजे, पहिला भाग सांडला तर सांगा, लपवू नका, कारण शुक्राणू जास्त करून पहिल्या भागातच असतात. घरून आणत असाल तर अंगाजवळ ठेवून तासाभरात पोचवा. गाडीच्या डिकीत टाकून मे महिन्यात औश्यावरून आणलेला नमुना मी काय तपासू?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीतले आकडे: प्रमाण १.४ मिली, दर मिलीत १.६ कोटी, एकूण ३.९ कोटी, पुढं सरकणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. लोक '४ टक्केच नॉर्मल' वाचून रडायला लागतात. अहो, ४ म्हणजे ठीक. आणि हे पास-नापासचे मार्क नाहीत. वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांपैकी सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांची ती रेघ आहे. रेघेखालचेही बाप होतात, वरचेही अडकतात.

शून्य आल्यावर मी प्रमाण आणि पीएच आधी बघतो. वीर्य अगदी कमी, आम्लधर्मी, फ्रुक्टोज नाही, आणि एफएसएच नॉर्मल असेल तर शुक्राणू बनत असतात, बाहेर यायची वाट नसते. विहिरीला पाणी नाही की पाइपलाइन नाही, हा फरक त्या एका कागदावर बऱ्याचदा दिसतो. पण कागद बघायला कुणाला वेळ आहे?

कन्नडची_सून

पुरुषांनी लिहायला सुरुवात केली हे बरं झालं. बाईच्या बाजूनं एकच सांगते. माझ्या सासूबाईंनी मला वर्षभर डोहाळजेवणाला बोलावणं आलं तरी पाठवलं नाही. हळदीकुंकवात ओटी भरायची वेळ आली की मला चहा ठेवायला आत धाडायचे. रिपोर्ट यांचा आला, तरी गावाला अजून माझंच माहीत आहे. मीच सांगू नका म्हणाले, यांना त्रास नको म्हणून. आता त्या निर्णयाचा राग येतो.

पूर्णाकाठचा, तुमच्या बायकोला कोण काय म्हणतं ते कधी विचारलंत का?

पूर्णाकाठचा

ताई, विचारलं. घरात आई-अण्णांना मी स्वतः सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही, मग तिनंच शेजारणीला गप्प केलं.

कापूसकोंडा

भौ मी हिंगोलीकडला. मह्या मनात एकच येतंय, हे सगळं फवारणीमुळं तर नसंल? पंप पाठीवर घेऊन पंधरा वर्षं झाली फवारूलालो. तोंडाला रुमाल, बाकी काय नाही. आन दुसरं, मामाच्या पोरीसंग लगीन झालंय मव्हं. डॉक्टर म्हनले नात्यात लगीन केल्यानं होतंय. खरं हाय का?

मांजराकाठची_डॉक्टर

मी मूळची अंबाजोगाईची, आता पुण्यात, अनुवंशशास्त्रात काम करते. इथं कुणावर उपचार करत नाहीये, माहिती म्हणून वाचा.

कापूसकोंडा भाऊ, फवारणीचं आधी. कीटकनाशकाचा शुक्राणूंवर परिणाम होतो हे खोटं नाही. सगळ्यात गाजलेलं उदाहरण डीबीसीपीचं, जमिनीतले सूत्रकृमी मारायचं औषध. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात ते बनवणाऱ्या कामगारांत शुक्राणू कमी किंवा शून्य निघाले. हे उघडकीला आलं ते आपल्याला मुलं होत नाहीत या कामगारांच्याच आपसांतल्या बोलण्यातून. तेव्हा हातमोजे, पूर्ण बाह्या, वाऱ्याच्या दिशेनं फवारणं, हे करायलाच हवं. पण फवारतो म्हणून शून्य आलं असं धरून बाकी तपासण्या सोडू नका.

नात्यातल्या लग्नाचं मात्र लोक उलटं समजतात. तुम्ही मामाच्या मुलीशी लग्न केलंत याचा तुमच्या काउंटशी काही संबंध नाही. तुमचे शुक्राणू तुमच्या जनुकांवर चालतात, बायको कोण त्यावर नाही. प्रश्न विचारायचा तो तुमच्या आई-वडिलांचं लग्न नात्यातलं होतं का, हा. तसं असेल तर एकाच पूर्वजाकडून आलेल्या बिघडलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती तुमच्यात जमा होऊ शकतात. डीपीवाय१९एल२ नावाचं जनुक असं गेलं की शुक्राणूंचं डोकं गोल होतं, अंड्यात शिरायला लागणारी टोपी नसते. डीएनएएच१ बिघडलं की शेपट्या आखूड, वाकड्या किंवा नसतातच. काउंट बरा दिसतो, मूल होत नाही.

तुमचं स्वतःचं नात्यातलं लग्न महत्त्वाचं ठरतं ते होणाऱ्या बाळासाठी. ते पुढं सांगते.

पूर्णाकाठचा, तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं.

मुलगा झाला तर त्याला तुमचंच वाय मिळणार, दुसरं कुठून येणार? म्हणजे तोच तुकडा त्यालाही नसणार. मुलीला तुमचं वाय जातच नाही, तिला याचा प्रश्न नाही. पण मुलगा बाकी सगळ्या बाबतींत निरोगी असू शकतो. आणि एझेडएफसीत वयानुसार काउंट घसरत जाताना दिसतो, म्हणून त्याला विशीत सांगितलं तर तेव्हाच शुक्राणू तपासून गोठवता येतील. तुम्हाला जे उशिरा कळलं ते त्याला वेळेत कळेल. तुमच्या वीर्यात कधी थोडे सापडले तर तुम्हीही गोठवून ठेवा.

भावांचं: बहुतेक वेळा हा तुकडा नव्यानं गळतो, वडिलांच्या शुक्राणू तयार होण्याच्या वेळी. वायच्या त्या भागात सारख्याच अक्षरांचे लांब पट्टे पुन्हा पुन्हा आहेत, ते एकमेकांशी जुळून मधला भाग निसटतो. तुम्ही तिघं भाऊ झालात म्हणजे तुमच्या वडिलांचं वाय बहुधा धडधाकट आहे. तेव्हा 'खानदानात आहे' हे आधी डोक्यातून काढा. भावाला सांगा, पण घाबरवू नका. साधी वीर्यतपासणी पुरे.

अण्णा_तेरकर

बाई, तुम्ही शहाण्या आहात, पण एक साधा मार्ग दिसतो. मुलाला दोष जाणार, मुलीला नाही. मग मुलीचाच गर्भ निवडून ठेवायचा. काम सोपं.

मांजराकाठची_डॉक्टर

नाही अण्णा. गर्भाचं लिंग निवडणं, मुलगा असो वा मुलगी, १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानं बंद आहे, आणि गर्भधारणेच्या आधीच्या निवडीलाही तो लागू आहे. टेस्ट-ट्यूब बेबीसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्यातही तेच. कुणी सेंटर 'करून देतो' म्हणालं तर तिथून उठा.

भुईमूग_भजी

बीड-धाराशिवकडचा माणूस मुलगीच निवडा म्हणतोय. एवढं वाचायला धाग्यावर आलो ते वसूल झालं.

अण्णा_तेरकर

हसा. दोन नाती आहेत मला, दोघी पुण्यात शिकतात.

रोलिंग_मिल

जालन्यात सळईच्या कारखान्यात भट्टीवर असतो. उन्हाळ्यात बाहेर ४२, आत विचारू नका. माझा काउंट ६० लाखांवर आलाय, पूर्वीचा रिपोर्ट बरा होता. हे पण जनुकांचं धरायचं का?

लातूरचा_लॅबवाला

भाऊ, अंडकोश अंगाबाहेर लोंबतात ते याचसाठी, त्यांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी लागतं. भट्टी, लांबचं ड्रायव्हिंग, मांडीवर लॅपटॉप, ताप येऊन गेलेला, सगळ्यानं उतरतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून आज काम बदललं तर फरक तीन महिन्यांनी दिसेल. दुसऱ्या आठवड्यात रिपोर्ट करून पैसे घालवू नका. डावीकडं शिरा फुगल्यात का हेही डॉक्टरांकडून बघून घ्या, व्हेरिकोसील. आणि जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन टोचत असेल तर लगेच बंद. बाहेरून मिळालं की मेंदू अंडकोशाला काम थांबवायला सांगतो. जालना-संभाजीनगरची दंडवाली पोरं सध्या याच्यानंच शून्यावर येतायत, जनुकं बिचारी ठीक असतात.

कन्नडची_सून

आमच्या यांच्या रिपोर्टात ४७,एक्सएक्सवाय आलंय, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जास्त. डॉक्टरांनी नाव सांगितलं, क्लाइनफेल्टर. आणि दुसऱ्या एका डॉक्टरांनी लगेच टेस्टोस्टेरॉन सुरू करा म्हटलं, अशक्तपणा आहे म्हणून. वर लॅबवाल्यांनी लिहिलंय ते वाचून धसका बसला. काय करू?

मांजराकाठची_डॉक्टर

ताई, सुरू झालं नसेल तर आधी प्रजननाच्या पुरुष-तज्ज्ञाला, अँड्रॉलॉजिस्टला, दाखवा. क्रम महत्त्वाचा आहे: मूल हवं असेल तर आधी शुक्राणू शोधायचे, मग टेस्टोस्टेरॉन. उलटं केलं तर जे थोडे बनत असतील तेही थांबतात. क्लाइनफेल्टरमध्ये मायक्रो-टेसेनं सुमारे ४० ते ५० टक्के पुरुषांत शुक्राणू मिळतात. एके काळी यांना मूल होणं अशक्यच समजत. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या गटानं इक्सी आणल्यावर एक-एक शुक्राणू पुरायला लागला, तिथून हे बदललं.

आणि हे दुर्मीळ नाही. साधारण ६०० पुरुषांत एक. बऱ्याच जणांना आयुष्यभर कळतच नाही, कळतं ते मूल होत नाही म्हणून तपासल्यावर. उंच, दाढी-मिशी विरळ, अंडकोश लहान आणि टणक, एफएसएच वाढलेलं. यात यांचं किंवा यांच्या आई-वडिलांचं काही चुकलेलं नाही, अंड्यात किंवा शुक्राणूत गुणसूत्रं वेगळी होताना एक जास्त राहून जातं. टेस्टोस्टेरॉन पुढं त्यांना लागेलच, हाडांसाठी, ताकदीसाठी. साखरेवरही लक्ष ठेवावं लागतं. नंतर, एवढंच.

आता कापूसकोंडा भाऊंचं राहिलेलं. लॅबवाल्यांनी सांगितलेला पाइपलाइन नसलेला प्रकार, त्यात काही पुरुषांना शुक्रवाहिनी जन्मतःच नसते. डॉक्टरांच्या बोटांना ती दोरीसारखी लागायला हवी, लागत नाही. बहुतेकांत सीएफटीआर जनुकात दोष असतो, सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसाच्या गंभीर आजाराचं तेच जनुक. पुरुष धडधाकट असतो, फुफ्फुसाचं काही नसतं. इथं शुक्राणू सुईनं सहज मिळतात, म्हणून सेंटर खूश आणि पुढची तपासणी राहते. पण बायकोमध्येही त्या जनुकाची एक दोषी प्रत असेल तर बाळाला पूर्ण आजार होऊ शकतो. बायको मामाची मुलगी असेल तर ही शक्यता अनोळखी बाईपेक्षा बरीच जास्त. म्हणून अशा जोडप्यात इक्सीआधी बायकोचीही सीएफटीआर तपासणी करायचीच. आणि नवऱ्याच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी, कारण शुक्रवाहिनी नसलेल्या काहींना एकच मूत्रपिंड असतं.

कापूसकोंडा

डॉक्टरताई, मव्हं शून्य नाही, २ कोटी हाय, पण एकबी हलत नाही म्हनले. आन मला लहानपनापासून सर्दी-खोकला कायम. छातीचा फोटो काढला तवा त्यो फोटोवाला म्हनला, दादा तुमचं काळीज उजवीकडं हाय. म्या म्हनलं फोटो उलटा धरला असंल.

लातूरचा_लॅबवाला

अरे देवा. फोटो उलटा नाही दादा.

मांजराकाठची_डॉक्टर

भाऊ, हे आधी सांगायचं होतं! कायमची सर्दी-खोकला, हृदय उजवीकडं, शुक्राणू हजर पण सगळे थांबलेले: याला कार्टाजेनर म्हणतात. श्वासनळीतले केस आणि शुक्राणूची शेपटी एकाच यंत्रणेवर हलतात, ती जन्मतःच बिघडलेली असू शकते. तेव्हा तुमच्या बाबतीत फवारणी मुख्य गुन्हेगार बहुधा नाही. छातीच्या डॉक्टरांनाही दाखवा, खोकला नुसता सहन करत बसू नका. आणि न हलणारा शुक्राणू मेलेलाच असतो असं नाही. लॅबमध्ये इओसिन रंग टाकून जिवंत-मेलेले वेगळे कळतात, जिवंत असेल तर इक्सीला चालतो. तुमच्या आई-वडिलांचं लग्न?

कापूसकोंडा

आत्या-मामाची लेकरं हायेत दोघं.

मांजराकाठची_डॉक्टर

वाटलंच. अनुवंश-सल्ला घ्या, बायकोला बरोबर न्या.

गुलमंडीचा_गोट्या

एवढं कशाला सगळं? एक ओळखीचे वैद्य आहेत, झिंक आणि फॉलिकच्या गोळ्या, वर अश्वगंधा, तीन महिन्यांत काउंट डबल.

लातूरचा_लॅबवाला

झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिडवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २,३७० जोडपी, २०२० मध्ये छापून आली. मूल होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, वीर्याच्या मुख्य आकड्यांतही नाही. आणि वायचा तुकडाच नसेल तर गोळीनं तो उगवणार का गोट्याभाऊ?

पूर्णाकाठचा

सगळ्यांचे आभार. औषधानं बरं होणारं जनुकीय कारण एकही नसतं का? सगळीकडं सुई आणि इक्सीच दिसतंय.

मांजराकाठची_डॉक्टर

असतं, एक चांगलं. कॅलमन. मुलगा वयात येत नाही, दाढी फुटत नाही, आवाज घोगरा होत नाही, आणि वास येत नाही. मोगरा असो की रॉकेल, सारखंच. मेंदूकडून अंडकोशाला निरोपच जात नाही, एफएसएच आणि एलएच दोन्ही कमी. यात एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शनं धीरानं घेतली, कधी वर्ष-दीड वर्ष, तर शुक्राणू वीर्यात येतात, कित्येकांना घरच्या घरी मूल होतं. म्हणूनच शून्य काउंट बघून एफएसएच न तपासणाऱ्यावर माझाही राग आहे. एफएसएच जास्त असेल तर एक वाट, कमी असेल तर अगदी वेगळी.

वसमतची_हळद

आमच्याकडं काउंट चांगला आहे पण तीन वेळा गर्भ राहून पडला. सगळे मलाच अशक्त म्हणतात. यांचीही तपासणी लागते का?

मांजराकाठची_डॉक्टर

हो ताई. दोघांचा कॅरिओटाइप. कधी नवऱ्याच्या गुणसूत्रांचे दोन तुकडे एकमेकांच्या जागी चिकटलेले असतात, समतोल ट्रान्सलोकेशन. त्याला स्वतःला काही होत नाही, पण शुक्राणूत वाटणी चुकते आणि गर्भ टिकत नाही. बायकोतही असू शकतं, म्हणून दोघांचा.

पूर्णाकाठचा

रक्त परभणीतून पाठवता येतं का, की दर वेळी हैदराबाद?

लातूरचा_लॅबवाला

पाठवता येतं. कॅरिओटाइपला हिरव्या झाकणाची हेपरिनची नळी, वायच्या टेस्टला जांभळ्या झाकणाची ईडीटीएची. कॅरिओटाइपमध्ये पेशी जिवंत राहून वाढाव्या लागतात, म्हणून नमुना गोठवायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, शनिवारी दुपारी कुरियरला द्यायचा नाही. रिपोर्टला दोन-तीन आठवडे धरा. वायच्या रिपोर्टात एसवाय८४, ८६, १२७, १३४, २५४, २५५ असे मार्कर (वायवरच्या तपासायच्या खुणा) तपासल्याचं लिहिलेलं असावं. नुसतं 'डिलीशन नाही' एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका.

नवीन_आयडी_४३१

भावाचा काउंट ८० लाख आहे. त्यालाही वायची टेस्ट लावू का?

मांजराकाठची_डॉक्टर

साधारणपणे ही तपासणी दर मिलीला ५० लाखांच्या खाली असेल तर सांगतात, ८० लाखांना सहसा नाही. तीन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट करा, सिगारेट-गुटखा असेल तर बंद, व्हेरिकोसील बघून घ्या. लहानपणी अंडकोश उतरला नव्हता का, किंवा वयात आल्यावर गालगुंड होऊन तिथं सूज आली होती का, हे आईला विचारा. आणि भावजयीचं वय लिहा, पुढचं त्यावर ठरेल.